दोन होती, असं लिही

प्रिय डॉक्टर,

तुझ्या जुळ्याच्या पेशंटबद्दलचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. त्यात तिच्या सासूबाई काय म्हणाल्या ते आहे, तिचा नवरा काय म्हणाला ते आहे, तुला झोप लागत नाही तेही आहे. वार एक होती की दोन, हे मात्र कुठेच नाही.

बाकीचे आकडे तू नीट दिलेस. सातव्या आठवड्यात दोन्ही गर्भांचे ठोके दिसले. नऊ आठवडे चार दिवसांना एकाची लांबी १४ मिलिमीटरवर थांबलेली, ठोके बंद. दुसरं २७ मिलिमीटर, ठोके छान. मग सासूबाईंनी तुला केबिनबाहेर गाठलं, 'डॉक्टर, एकच लिहा, पोरगी मनाला लावून घेईल' म्हणाल्या, आणि तू 'सिंगल लाइव्ह इंट्रायूटेराइन जेस्टेशन', म्हणजे गर्भाशयात एकच जिवंत गर्भ, असं छापून हातात दिलंस. घरी तिला सांगितलंय की पहिल्या वेळी मशिनमध्ये चुकून दोन दिसली होती. आता बारावा आठवडा लागला, नवऱ्याला एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी, करून घ्यायची आहे, आणि तू विचारतोस की हे दयेपोटी झालं की खोटेपणाने.

या प्रश्नाचा काथ्याकूट तू निवांत असताना कर. आत्ता रिपोर्ट दुरुस्त कर. दोन होती, असं लिही. का, ते सांगते. आणि तुला पटलं नाही तरी लिही.

आधी एनआयपीटीच घे, कारण ती दारात उभी आहे. आईच्या रक्तात बाळाचा म्हणून जो डीएनए सापडतो तो मुळात वारेतून सुटलेला असतो. गर्भाचे ठोके थांबले म्हणून त्याची वार त्याच दिवशी गप्प होत नाही. ती पुढे कित्येक आठवडे डीएनए सोडत राहते. आठ आठवड्यांनंतरही आणि कधी त्याहूनही उशिरा तो सापडलेला आहे. इतक्या लवकर थांबलेल्या गर्भांमध्ये गुणसूत्रांचा दोष वारंवार असतो, हे तू शिकला आहेस. आता दोन्ही गोष्टी जोडून बघ. गेलेल्या गर्भात एक गुणसूत्र जास्त असेल, तर अहवाल 'हाय रिस्क' म्हणून येऊ शकतो आणि तो चिकटणार जिवंत बाळाला. लॅबवाल्याला दुसरं होतं हेच ठाऊक नसेल तर तो तरी काय करणार? बहुतेक लॅबच्या फॉर्मवर याचा स्पष्ट रकाना असतो. तुझा रिपोर्ट बघून तिथे 'नाही' अशी खूण होईल. मग घाबरलेलं घर, घाईत घेतलेला निर्णय, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी तू गाळलेली एक ओळ. यात दया कुठे आली?

तेव्हा एनआयपीटी आत्ता नको, असं नवऱ्याला सरळ सांग आणि कारणही सांग. डबल मार्कर या रक्तचाचणीचंही तेच. नुसती रिकामी दुसरी पिशवी असती तर रक्त आणि सोनोग्राफी मिळून होणारी नेहमीची एकत्रित चाचणी चालली असती. पण तुझ्या बाईच्या बाबतीत मोजण्याइतका गर्भ दिसला आहे. अशा वेळी रक्तातलं पॅप-ए हे वारेचं प्रथिन वाढलेलं येऊ शकतं आणि सगळं गणित बिघडतं. म्हणून फक्त आईचं वय आणि एनटी, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी. जिवंत बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान असताना, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवसांत, शांतपणे बसून एनटी मोज. नाकाचं हाड बघ, डक्टस व्हिनोसस या बाळाच्या यकृताजवळच्या शिरेतला प्रवाह बघ. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आली, किंवा आणखी काही खटकलं, तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासणी. वारेचा तुकडा घेण्याच्या फंदात पडू नकोस, सुई चुकीच्या वारेत गेली तर पुन्हा तोच घोळ. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात कोणीतरी क्वाड्रुपल मार्कर ही रक्तचाचणी लिहून देईल. त्यातलं एएफपी हे गर्भाचं प्रथिन वाढलेलं येऊ शकतं, आणि बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष आहे की काय म्हणून सगळे धावतील. ते कोणीतरी म्हणजे तू नसशील. तालुक्याच्या गावी बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, मधेच दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. तिथे तुझी आठवण चालत नाही, तुझा कागद चालतो. म्हणून लिही.

आता वार. दोन वेगळ्या वारा असतील तर दोघांचं रक्त वेगळं. एक गेलं तरी दुसऱ्याच्या रक्ताभिसरणाला धक्का नाही, आणि बहुतेक वेळा पुढची गर्भधारणा एकाच बाळाच्या गर्भधारणेसारखी चालते. वार एकच असेल तर तिच्यावरच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकाचं हृदय थांबलं की तिकडचा दाब पडतो आणि जिवंत बाळाचं रक्त तिकडे ओढलं जातं. १४ आठवड्यांनंतर असं घडलं तर एका वारेच्या जुळ्यात दुसरंही जाण्याचा धोका सुमारे १५ टक्के आणि वाचलेल्याच्या मेंदूला इजा होण्याचा सुमारे २६ टक्के. दोन वारांत हेच आकडे सुमारे ३ आणि २. तुझ्या बाईचं गर्भाचं वय त्याहून बरंच लहान होतं, हे आकडे तिला ऐकवू नकोस. पण वार किती, हे विचारलं का जातं ते यावरून कळेल. सहा ते नऊ आठवड्यांत हे ठरवणं सगळ्यांत सोपं असतं: दोन पिशव्या आणि मधे जाड पडदा, तर दोन वारा. एकाच पिशवीत दोन गर्भ, तर एक. अकरा ते चौदा आठवड्यांत पडद्याच्या बुडाशी बघायचं: वारेचा त्रिकोणी कोंब पडद्यात शिरलेला दिसला, म्हणजे लॅम्डा, तर दोन. पातळ पडदा काटकोनात येऊन टेकला, म्हणजे टी, तर एक. नंतर गेलेली पिशवी आक्रसते, पडदा चिकटतो आणि काही कळेनासं होतं.

तुझ्या मशिनमध्ये सातव्या आठवड्याच्या प्रतिमा साठवलेल्या असतील. आजच उघड. त्यावरून ठरलं तर उत्तम. नाही ठरलं तर येत्या तपासणीत मागे उरलेली पिशवी कुठे टेकली आहे ते बघ. तरीही ठरलं नाही तर 'वारांची संख्या निश्चित करता आली नाही' असं लिही आणि एकच वार धरून चाल. अंदाजाने 'दोन' लिहू नकोस. न ठरलेलं न ठरलेलं म्हणून लिहिण्यात कमीपणा नाही.

एक वार असेल किंवा धरायची असेल, तर आणखी एक गोष्ट बघायचीच. गेलेल्या गर्भावर कलर डॉप्लर ठेव. त्याला हृदय नसूनही आत रक्त वाहताना दिसलं, आणि नाळेच्या धमनीतून ते त्याच्याकडे उलटं येत असेल, तर ते नुसतं गेलेलं बाळ नाही. जिवंत बाळाचं हृदय त्यालाही रक्त पुरवतं आहे. त्याला आपण ट्रॅप म्हणतो. हा प्रकार दुर्मीळ आहे, एका वारेच्या जुळ्यांत शंभरात एकाच्या आसपास. पण 'गेलं' म्हणून सोडून दिलेला गर्भ पुढच्या वेळी वाढलेला दिसला, तर जिवंत बाळाच्या हृदयावरचा भार तोवर वाढत गेलेला असतो. हे कोणाच्या लक्षात येईल? ज्याच्या हातात 'दोन होती' असा कागद आहे त्याच्याच. 'सिंगल' वाचून आलेला माणूस त्या कोपऱ्यात प्रोब नेणारच नाही.

'मशिनमध्ये चुकून दोन दिसली' हे सासूबाईंचं वाक्य पोकळ नाही, तसं खरोखर होतं. पोटावरून मधोमध प्रोब ठेवला तर पोटाच्या स्नायूंमुळे एकच पिशवी शेजारीशेजारी दोनदा दिसू शकते. प्रोब बाजूला सरकवला किंवा आतून सोनोग्राफी केली की ती नाहीशी होते. पिशवीलगत रक्त साठलं की तेही दुसऱ्या पिशवीसारखं भासतं, पण त्याला चंद्रकोरीसारखा आकार असतो आणि भोवती चकचकीत कडं नसतं. जुन्या यंत्रांवर अशा भासांची रेलचेल होती. १९७६ मध्ये ब्रुसेल्सच्या साल्व्हातोर लेव्ही यांनी दहा आठवड्यांआधी पाहिलेल्या जुळ्यांपैकी ७१ टक्के पुढे एकच जन्मल्याचं नोंदवलं, आणि त्यात असे भासही मिसळले असावेत असं पुढे मानलं गेलं. चांगल्या यंत्रांवरचा, २००२ मध्ये छापलेला एक मोठा अमेरिकन आढावा जुळ्यांच्या ३६ टक्के गर्भधारणांत बाराव्या आठवड्याआधी एक आपोआप गेल्याचं सांगतो. तो वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या बायकांचा होता, हे लक्षात ठेव. डेन्मार्कच्या २००५ च्या अभ्यासात आयव्हीएफनंतर एकट्या जन्मलेल्या बाळांपैकी १०.४ टक्के सुरुवातीला जुळ्यातली होती. सांगायचा मुद्दा, हे अपवादाने घडणारं नाही. तू तर दोन गर्भांत दोन वेगळे ठोके पाहिलेस. तिथे भासाला जागा नाही. मग ती चूक मशिनच्या नावावर घालणं तुला शोभतं का?

ठोके थांबल्याचं निदान पक्कं होतं का, हेही विचारते; राग मानू नकोस. लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर असून आत गर्भ नाही, हे निकष जुळ्यांनाही लागू. तुझे १४ मिलिमीटर त्याच्या पुढे आहेत. त्याखालचं माप असतं तर सात ते दहा दिवस थांबून पुन्हा बघायला हवं होतं. आणि कितीही खात्री असली तरी दुसऱ्या जाणत्या डोळ्यांना दाखवावं. शेजारच्या गावातल्या सोनोलॉजिस्टला बोलावण्यात मानापमान आणू नकोस.

रिपोर्ट कसा दुरुस्त करायचा? जुना फाडायचा नाही, मागची तारीख घालायची नाही. 'सुधारित अहवाल' असा मथळा, आजची तारीख, खाली सही. मजकूर असा: अमुक तारखेला गर्भाशयात ठोके असलेले दोन गर्भ, पिशव्या इतक्या, वारा इतक्या. अमुक तारखेला एका गर्भाची लांबी १४ मिलिमीटर, ठोके नाहीत. दुसऱ्याची २७ मिलिमीटर, ठोके मिनिटाला इतके. आधीच्या अहवालात दुसऱ्या गर्भाचा उल्लेख राहिला होता, तो येथे नोंदवला आहे. बस्स. एक प्रत तिच्या फाइलमध्ये, एक तुझ्याकडे, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत एक ओळ. टायपिस्टच्या टेम्प्लेटमधलं 'सिंगल' स्वतः खोड, नाहीतर पुढच्या तपासणीत ते आपोआप परत येईल. सोनोग्राफीच्या सरकारी फॉर्म एफमध्ये लिहिलं आहे, असं मला सांगू नकोस. तो फॉर्म कायद्यासाठी, दोन वर्षं जपायचा. बाईच्या हातात राहतो तो तिचा कागद.

आमच्या पिढीची एक खंत सांगते. पहिली सोनोग्राफी पाचव्या महिन्यात व्हायची, तीही सगळ्यांची नाही. तिसऱ्या महिन्यात डाग लागला आणि थांबला, की 'धोका टळला' म्हणून सगळे मोकळे. त्यातल्या कितींच्या पोटात दोन होती, याचा कागद कुठेही नाही. तुमच्या हातात सातव्या आठवड्याचं चित्र आहे आणि तुम्ही ते पुसता. मला हेकट म्हणतात, नोंदींच्या मागे लागणारी म्हणतात. म्हणोत. नोंद असल्याने बिघडलेली केस कोणी दाखवावी, मग बोलू.

आता तिला सांगणं. सासूबाईंची परवानगी काढायची नाही. पेशंट ती आहे, रिपोर्ट तिचा आहे. टेबलावर झोपलेली असताना, प्रोब पोटावर असताना सांगू नकोस. कपडे नीट करून ती खुर्चीत बसू दे, सिस्टर आत असू दे, नवऱ्याला थांबायचं असेल आणि तिची हरकत नसेल तर थांबू दे. वाक्यं याच क्रमाने: 'पोटात दोन बाळं होती. त्यातल्या एकाचे ठोके थांबले आहेत. दुसऱ्याचे ठोके चालू आहेत. मागच्या रिपोर्टात मी हे लिहिलं नव्हतं, ते चुकलं, आज दुरुस्त करून देतो आहे.' आणि मग गप्प बस. 'एक तरी आहे ना' हे वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये. ते तिला घरी, दारी, गल्लीत पुष्कळ ऐकवलं जाईल.

ती विचारेल, माझ्याकडून काय चुकलं? स्कूटी चालवली, पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर गेले. कशानेही नाही, हे एकेकाचं नाव घेऊन सांग. मोघम 'असं होतं कधीकधी' नको. विचारेल, ते गेलं कुठे? पिशवीतलं पाणी हळूहळू शोषलं जातं, गर्भ आक्रसतो, काही आठवड्यांत दिसेनासा होतो. आत राहिल्याने विष होईल का? नाही. रक्त गोठण्याच्या बिघाडाची जी भीती पुस्तकात वाचलीस ती बरीच उशिरा गेलेल्या गर्भाबद्दलची आहे, या टप्प्याची नाही. घरातलं कोणीतरी हळूच विचारेल, मुलगा होता का? नऊ आठवड्यांत ते दिसतच नाही, आणि दिसलं असतं तरी तू बोलला नसतास. उत्तर तेवढंच, विषय बंद.

सासूबाईंशीही बोल, पण तिच्यानंतर आणि तिला विचारून. त्या दुष्ट नाहीत. सुनेला रडू येऊ नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी हाताशी सापडलास तू.

औषधांबाबत थोडक्यात. सक्तीची विश्रांती, एचसीजी या हार्मोनची इंजेक्शनं, रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं, यातल्या कशानेही वाचलेलं बाळ जास्त सुरक्षित होत नाही. आधी गर्भपात झालेला असून आता रक्तस्राव होत असेल तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉनला आधार आहे, सरसकट सगळ्यांना नाही. तपकिरी डाग लागू शकतो, हे तिला आधीच सांग. गाठी पडणं, ताप, एका बाजूला कळ, चक्कर, यातलं काहीही झालं तर लगेच ये म्हणावं. आणि हे पाठ कर: रात्री रक्तस्राव होऊन ती दुसऱ्या दवाखान्यात गेली, तिथे मांसाचा तुकडा पडलेला दिसला आणि कागदावर 'सिंगल' आहे, तर 'अपूर्ण गर्भपात' समजून सोनोग्राफीशिवाय गर्भाशय रिकामं करणारं मिसोप्रोस्टॉल दिलं जाऊ शकतं, गर्भाशय साफ केलं जाऊ शकतं. आत जिवंत बाळ असताना. अजूनही विचारशील का, एक ओळ लिहून काय होतं?

पुढचं वेळापत्रक. एनटी झाली की अठरा ते वीस आठवड्यांची ॲनॉमली, म्हणजे बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी, त्यातच गर्भाशयाच्या मुखाची लांबी. एक वार असेल तर मधे सोळाव्या आठवड्यालाही एकदा बघ, ॲनॉमलीत मेंदूला दुप्पट वेळ दे, शंका वाटली तर नंतर एमआरआय. वाचलेल्या बाळात लवकर प्रसूती आणि कमी वजन यांचा धोका थोडा वाढलेला असतो, दुसरं आठ आठवड्यांनंतर गेलं असेल तर त्याहून जरा जास्त. तुझ्या बाईचं १४ मिलिमीटर म्हणजे बहुधा आठव्याच्या आतबाहेर. म्हणून २८, ३२ आणि ३६ ला वाढ मोज. रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे का, तेही तुझ्या मेसेजात नाही. असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं काय ठरवलंस आणि का, ते लिही. बारा आठवड्यांच्या आतल्या किरकोळ डागासाठी द्यायचं की नाही यावर सगळ्यांचं एकमत नाही, म्हणूनच तुझं कारण कागदावर हवं.

प्रसूतीच्या वेळी वार बादलीत टाकायची घाई नको. पडदे उलगडून बघ. एखादा चपटा, पिवळसर, घट्ट भाग किंवा छोटी गाठ दिसली तर फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासायला पाठव. पहिल्या तिमाहीत गेलेल्याची खूण पुष्कळदा सापडत नाही, तेही तिला आधी सांगून ठेव, म्हणजे ती त्या दिवशी वाट बघत बसणार नाही. डिस्चार्ज कार्डावर पुन्हा तीच ओळ. हे जुळं दोन वेगळ्या बीजांचं असेल, तर पुढच्या खेपेला तसं जुळं पुन्हा राहण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा तिच्या पुढच्या डॉक्टरला सहाव्या-सातव्या आठवड्यातच दोन पिशव्या शोधाव्या लागतील.

गुरुवारी ती येणार म्हणतोस. त्याआधी सातव्या आठवड्याच्या प्रतिमा बघ, सुधारित अहवाल तयार ठेव, लॅबला फोन करून रक्त घ्यायला येऊ नका म्हणून सांग. मला अहवाल दाखवायची गरज नाही. वारा किती ते मात्र कळव.

तुझी,
मॅडम